एअरड्रॉपमधून खरंच कमाई होते का? नवशिक्यांसाठी दुकानदारी हिशेब



पूर्वी पोरं विचारायची, "सर, मुद्रा लोन कसं मिळतं?" आता विचारतात, "सर, एअरड्रॉपमधून महिन्याला किती सुटतात?" रेणापूर काय, लातूर काय, प्रश्न तोच. कुणीतरी टेलिग्रामवर लिंक टाकतं, कुणीतरी स्क्रीनशॉट दाखवतं, आणि बाकीचे रात्री दोन वाजेपर्यंत स्क्रीनवर बोट आपटत बसतात.

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून हा विषय इथे सविस्तर मांडतोय. "करा" किंवा "करू नका" असं मी सांगणार नाही. दुकान चालवणारा माणूस कुठल्याही धंद्याकडे जसा बघतो, तसं याकडे बघू. भांडवल काय, मिळणार काय, आणि बुडालं तर किती बुडणार?

एअरड्रॉप म्हणजे काय?

नवीन मसाल्याची कंपनी गावात येते तेव्हा काय करते? दुकानदाराला शंभर छोटी पाकिटं फुकट देते. "गिऱ्हाइकाला वाटा, चव कळू द्या." एअरड्रॉप हा साधारण तोच प्रकार. एखादा नवा क्रिप्टो प्रकल्प स्वतःचं टोकन काढतो आणि त्यातला काही भाग लोकांच्या वॉलेटमध्ये फुकट टाकतो. त्यातून जाहिरात होते, वापरणारे वाढतात आणि टोकन चार हातांत जातं.

फरक एकच. मसाल्याचं पाकीट भाजीत टाकता येतं. टोकनला मात्र बाजारात कुणी विकत घेणारा असेल तरच किंमत. घेणारा नसेल तर तो फक्त स्क्रीनवरचा आकडा.

लोकांना पैसे मिळाले, हे खरं आहे

सुरुवातीच्या एअरड्रॉपपैकी गाजलेला म्हणजे आइसलँड देशातला. मार्च २०१४ मध्ये 'ऑरोराकॉइन' नावाच्या चलनाने देशातल्या प्रत्येक नागरिकाला ३१.८ नाणी देऊ केली. लोकांनी नाणी घेतली आणि लगेच विकायला काढली. भाव धाडकन कोसळला. फुकट आलेला माल सगळ्यांनी एकाच दिवशी बाजारात आणला की काय होतं, हे लातूरच्या आडतीवर सोयाबीन घेऊन गेलेल्या माणसाला सांगायची गरज नाही.

मग आला सप्टेंबर २०२०. 'युनिस्वॅप' या क्रिप्टो अदलाबदलीच्या सेवेने, १ सप्टेंबरच्या आधी ती वापरलेल्या प्रत्येक वॉलेटला किमान ४०० टोकन देऊ केली. थोड्याच दिवसांत त्यांची किंमत हजार डॉलरच्या वर गेली. आज यूट्यूबवर जी "फुकटात लाखो" वाली थंबनेल दिसतात, त्यांचं मूळ इथे आहे.

पण नीट बघा. ज्यांना ती टोकन मिळाली, त्यांना आधी काहीच माहीत नव्हतं. ते आपल्या कामासाठी ती सेवा वापरत होते, बक्षीस मागून आलं.

मग आपल्या वाट्याला चिल्लर का?

कारण आता सगळ्यांना माहीत झालंय. एका वर्षी टोमॅटोला भाव लागला की पुढच्या वर्षी सगळं शिवार टोमॅटोचं होतं, आणि मग कॅरेट रस्त्यावर ओतावे लागतात. इथेही तेच.

२०२४ मधला 'हॅमस्टर कॉम्बॅट' आठवतो ना? टेलिग्रामवरचा उंदरासारखा दिसणारा तो हॅमस्टर. आपल्याकडेही पोरांनी महिनोन्‌महिने त्याच्यावर बोटं झिजवली. २६ सप्टेंबर २०२४ ला टोकन बाजारात आलं. वाटायची होती ६,००० कोटी टोकन. आकडा केवढा मोठा! पण पात्र लोक होते १३ कोटींच्या वर. भागाकार करा. सरासरी एकाच्या वाट्याला पाचशे टोकनसुद्धा येत नाहीत. एका टोकनचा भाव सुरुवातीला रुपयाच्या आसपास होता, मग आणखी उतरला.

म्हणून एअरड्रॉप दिसला की पहिला प्रश्न "टोकन किती देणार?" हा विचारू नका. "वाटेकरी किती?" हा विचारा.

आणि पन्नास वॉलेट उघडून पन्नास वाटे घेऊ, असं कुणी सांगत असेल तर तेही ऐकून घ्या. मोठे प्रकल्प वाटपाआधी अशी वॉलेट शोधतात. एकाच ठिकाणाहून पैसे आलेली, एकाच वेळी तेच तेच व्यवहार केलेली वॉलेट यादीतून काढली जातात. म्हणजे पन्नास वॉलेटची फी गेली आणि हातात शून्य.

करायचंच असेल तर असं करा

१. वेगळं वॉलेट ठेवा. ज्यात आधीपासून काही क्रिप्टो आहे, ते वॉलेट एअरड्रॉपच्या साइटला कधीच जोडू नका. नवीन, रिकामं वॉलेट उघडा.

२. बारा शब्द वहीत लिहा, मोबाईलमध्ये नाही. वॉलेट उघडताना १२ किंवा २४ इंग्रजी शब्द मिळतात. ती तुमच्या तिजोरीची किल्ली. फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नका. "सपोर्ट टीम"मधून कुणी ते शब्द मागितले तर तो चोर आहे. याला अपवाद नाही.

३. घेण्यासाठी द्यायचं नाही. "टोकन सोडवायला आधी दोन हजार भरा", "केवायसी फी", "टॅक्स आगाऊ" असं आलं की तिथेच थांबा. नेटवर्कची थोडी फी खऱ्या एअरड्रॉपमध्येही लागू शकते, पण ती तुमच्याच वॉलेटमधून, व्यवहार करताना कटते. कुणाच्या यूपीआयवर पाठवायची नसते.

४. सही करण्याआधी वाचा. साइटला वॉलेट जोडल्यावर "अप्रूव्ह" असं बटण येतं. बऱ्याच जणांना ते लॉगिनसारखं वाटतं. प्रत्यक्षात ती परवानगी असते, आणि फसव्या साइटवर ती म्हणजे कोऱ्या चेकवर केलेली सही. शब्द न देताही वॉलेट रिकामं होतं ते असं.

५. लिंक स्वतः शोधा. टेलिग्राम ग्रुपमधली, कमेंटमधली, जाहिरातीतली लिंक उघडू नका. गाजलेल्या एअरड्रॉपच्या आसपास हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या साइट निघतात. मार्च २०२३ मध्ये 'आर्बिट्रम'च्या वाटपाच्या वेळी हेच झालं. आपोआप वॉलेटमध्ये आलेल्या अनोळखी टोकनलाही हात लावू नका. रस्त्यात पडलेला लिंबू आपण उचलतो का?

दुकानाचं खातं यात आणू नका

हा मुद्दा दुकानदारांनी दोनदा वाचावा.

समजा, टोकन मिळालं. ते रुपयात आणायचं कसं? ग्रुपमधला कुणीतरी म्हणतो, "मला दे, मी तुला फोनपे करतो, एक्सचेंजपेक्षा दोन रुपये जास्त." तुम्ही देता. पैसे येतात. पण ते पैसे दुसऱ्या कुणाला फसवून आलेले असले तर? तो माणूस तक्रार करतो, पैशाचा माग काढत पोलीस तुमच्या खात्यापर्यंत येतात आणि बँक खातं किंवा त्यातली रक्कम गोठवते.

आता विचार करा, ते तुमच्या दुकानाचं चालू खातं आहे. काउंटरवरचा क्यूआर त्याच खात्याला, व्यापाऱ्याचा चेक त्याच खात्याचा, कर्जाचा हप्ताही तिथूनच. तीन हजारांच्या टोकनसाठी अख्खं दुकान अडकतं. ऐन सणात अडकलं तर सोडवायला चकरा मारणार कोण?

म्हणून क्रिप्टो विकायचं तर नोंदणी असलेल्या एक्सचेंजवरच. मार्च २०२३ पासून क्रिप्टो एक्सचेंज मनी लाँडरिंग विरोधी कायद्याखाली आली आहेत आणि त्यांना केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदणी करावी लागते. खातं वैयक्तिक आणि वेगळं ठेवा. आणि महिन्याला पाच हजार देतो म्हणून कुणी तुमचं बँक खातं वापरायला मागितलं तर सरळ नाही म्हणा.

नोंदणी म्हणजे विमा नाही, हेही लक्षात ठेवा. मुंबईच्या 'वझीरएक्स'वर १८ जुलै २०२४ ला हॅकिंग झालं आणि सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली. विकून झालं की पैसे बँकेत आणा, एक्सचेंजवर साठवू नका.

"माणसं जोडा" आलं की सावध

ओळखीच्याला लिंक पाठवून पाच-पन्नास टोकन मिळणं वेगळं. पण "तू इतके गुंतव, खाली चार माणसं लाव" सुरू झालं की तो एअरड्रॉप राहिला नाही, ती साखळी झाली.

महाराष्ट्राने हे भोगलंय. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत लोकांकडून बिटकॉइन घेतले आणि १८ महिने, महिना दहा टक्के परतावा देऊ म्हणून सांगितलं. पुढे लोकांना बिटकॉइनऐवजी 'एमकॅप' नावाचं योजनेचंच टोकन गळ्यात मारलं. पुणे पोलिसांनी एप्रिल २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक केली. ईडीच्या म्हणण्यानुसार यात ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा झाले. डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने देशभरातले गुन्हे सीबीआयकडे दिले. पैसे अडकलेले लोक वर्षानुवर्षं खेटे घालत राहिले.

त्यातलं टोकनही चकचकीत होतं. पण ते घेणारं कुणी नव्हतं. आणि अशी साखळी तुटते तेव्हा कंपनीचा माणूस सापडत नाही, गावातला "वरचा" सापडतो. दुकानदाराचं खरं भांडवल म्हणजे गावातली पत. तुमच्या शब्दावर शेजाऱ्याने पैसे घातले आणि बुडाले, तर तो उद्या तुमच्याकडून किराणा घेईल का?

कर लागतोच

क्रिप्टोवर बंदी नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं परिपत्रक सुप्रीम कोर्टाने ४ मार्च २०२० ला रद्द केलं. पण ते रुपयासारखं कायदेशीर चलनही नाही. कर मात्र कडक. १ एप्रिल २०२२ पासून विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के, वर ४ टक्के उपकर. तोटा झाला तर तो दुसऱ्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएसही आहे. फुकट मिळालेल्या टोकनची मिळाल्या दिवशीची किंमतही उत्पन्नात धरावी लागू शकते. त्यामुळे तारीख, भाव, संख्या वहीत मांडा. आणि 'सुगम' रिटर्न भरणाऱ्या दुकानदारांनो, क्रिप्टोचं उत्पन्न असेल तर तो फॉर्म चालत नाही. आपल्या सीएला आधी सांगा, नोटीस आल्यावर नाही.

आता शेवटचा हिशेब

समजा, तीन महिने रोज दीड तास दिला. झाले १३५ तास. नशिबाने ६,००० रुपयांची टोकन मिळाली, १,५०० फीमध्ये गेले. राहिले ४,५००. म्हणजे तासाला ३३ रुपये, तेही कर सोडून आणि मिळाले तर.

त्याच १३५ तासांत काय होऊ शकतं? उधारीची वही घेऊन रोज तीन गिऱ्हाइकांना फोन. दुकानाची गुगलवर नोंद. बायकोच्या हातच्या शेंगदाणा चटणीचे नमुने रेणापूर, लातूर आणि अंबाजोगाईच्या वीस दुकानांत. यातही शंभर टक्के खात्री नाही, पण जे उभं राहील ते तुमचं असेल. त्याचा भाव दुसऱ्या कुणाच्या हातात नसेल.

ज्याला तंत्रज्ञान शिकायचंय त्याने रिकाम्या वॉलेटने, आठवड्याला दोन तास देऊन जरूर करून बघावं. वॉलेट, व्यवहार, सही हे समजलं तर शिक्षण म्हणून ते वाया जात नाही. पण घरखर्च त्यावर ठेवू नका, कर्ज काढून तर अजिबात नाही.

आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

आज रात्री एक काम करा. गेल्या आठवड्यात अशा ॲपवर किती तास गेले ते मोबाईलच्या सेटिंगमध्ये बघा आणि कागदावर लिहा. शेजारी मिळालेले रुपये लिहा. भागाकार तुम्हाला येतोच.

भेटू पुढच्या व्हिडिओत.