काम दुपारीच संपले, विमान मात्र रात्रीचे! लवकरच्या विमानाने परतायचे असेल तर...

धारावीत चामड्याच्या पिशव्या व पाकिटे बनविणारा एक कारागीर कच्चा माल घेण्यासाठी चेन्नईला जातो, असे समजा. आंबूर, वाणियंबाडीकडचे चामडे त्याला पसंत करायचे आहे. सौद्याला किती वेळ लागेल सांगता येत नाही, म्हणून परतीचे तिकीट त्याने रात्री साडेनऊच्या विमानाचे काढले आहे. पण सौदा लवकर जमतो आणि दुपारी दोनलाच तो मोकळा होतो. संध्याकाळी पाच वाजता त्याच कंपनीचे दुसरे विमान मुंबईला निघणार आहे आणि त्यात जागाही आहेत. मग तो विमानतळावर जाऊन काउंटरवर सांगतो, "भाऊ, रात्रीची माझी जागा तुम्ही ठेवा आणि मला पाचच्या विमानात बसवा." उत्तर मिळते, "साडेसात हजार रुपये भरावे लागतील."

मूळ तिकीट पाच हजारांचे आणि साडेचार तास आधी जाण्याचे साडेसात हजार! अशा वेळी माणूस चिडतो, वाद घालतो आणि शेवटी एक तर निमूटपणे पैसे भरतो किंवा रात्रीपर्यंत बाकावर बसून राहतो. दोन्ही गोष्टी तो हिशेब न करताच करतो. आपले अनेक व्यापारी व कारागीर बांधव आता दिल्ली, चेन्नई, कोलकाता, दुबई असा विमानाने प्रवास करतात. रेल्वेच्या तिकिटाचे कायदे आपल्याला तोंडपाठ असतात, विमानाच्या तिकिटाचे मात्र नसतात. म्हणून हा विषय नीट समजून घेणे गरजेचे आहे.

साडेसात हजार आले कुठून?

तिकीट बदलताना दोन वेगवेगळ्या रकमा लागतात आणि काउंटरवर त्या एकत्र सांगितल्या जातात. पहिली रक्कम म्हणजे बदलाचा आकार. देशांतर्गत प्रवासात तो दर माणशी आणि दर टप्प्यामागे काही हजार रुपये असतो. उड्डाण जवळ आले की बहुधा तो वाढतो. दुसरी रक्कम म्हणजे भाड्यातील फरक. महिनाभर आधी रात्रीचे तिकीट आपण ज्या भावाने घेतले, त्या भावाने संध्याकाळचे तिकीट आज मिळत नाही. आजचा भाव आणि आपला जुना भाव यातला फरक आपल्याला भरावा लागतो. उलट, नवे विमान स्वस्त असेल तर वरचे पैसे परत मिळतीलच असे नाही. ते तिकिटाच्या अटींवर अवलंबून असते.

वरच्या उदाहरणात बदलाचा आकार ३,००० रुपये आणि संध्याकाळच्या विमानाचे आजचे भाडे ९,५०० रुपये धरा. जुने भाडे ५,००० होते, म्हणजे फरक ४,५०० रुपये. दोन्ही मिळून ७,५०० झाले. पुष्कळांना वाटते की "बदल मोफत" असे तिकीट घेतले की काहीच भरावे लागणार नाही. तसे नाही. त्या तिकिटावर फक्त पहिली रक्कम माफ होते किंवा कमी होते. दुसरी रक्कम बहुधा द्यावीच लागते.

रिकामी जागा असून पैसे का?

व्यापाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो. विमान उडाले की रिकाम्या जागेची किंमत शून्य होते, संध्याकाळी हातगाडीवर उरलेल्या केळ्यांसारखी. मग ती फुकट का देत नाहीत?

कारण कंपनी आजच्या एका जागेचा विचार करीत नाही, ती गिऱ्हाइकाच्या सवयीचा विचार करते. विमान कंपनीकडे दोन प्रकारचे गिऱ्हाईक येते. एकाला वेळेपेक्षा पैसा महत्त्वाचा असतो. तो महिनाभर आधी गैरसोयीच्या वेळेचे स्वस्त तिकीट घेतो. दुसऱ्याला पैशापेक्षा वेळ महत्त्वाचा असतो. तो आदल्या दिवशी दुप्पट भावाने सोयीची वेळ घेतो. स्वस्त तिकीटवाल्याला ऐनवेळी सोयीच्या विमानात फुकट बसू दिले, तर उद्यापासून महाग तिकीट कोण घेईल? सगळेच रात्रीचे स्वस्त तिकीट घेऊन दुपारी काउंटरवर उभे राहतील.

एकाच विमानातील जागा वेगवेगळ्या भावाने विकण्याचे हे शास्त्र जुने आहे. १९७२ साली ब्रिटनच्या बी.ओ.ए.सी. कंपनीतील केनेथ लिटलवूड यांनी त्याचा साधा नियम मांडला. पुढे येणाऱ्या महाग गिऱ्हाइकाकडून जेवढी आशा आहे, त्यापेक्षा हातातले स्वस्त गिऱ्हाईक जास्त देत असेल, तरच त्याला जागा द्यावी. अमेरिकेत १९८५ साली अमेरिकन एअरलाइन्सने संगणकाच्या मदतीने हे मोठ्या प्रमाणावर सुरू केले. आज सर्वत्र हीच रीत आहे.

आपल्याकडे १९५३ पासून देशांतर्गत विमानसेवा सरकारी महामंडळाकडे होती. १९९४ साली तो कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना रस्ता मोकळा झाला. २००३ साली एअर डेक्कनने आणि २००६ साली इंडिगोने स्वस्त प्रवास सुरू केला. भाडे ठरविण्याचा अधिकार कंपन्यांकडेच आहे. सामान्य माणूस विमानात बसू शकला तो या स्वस्त तिकिटांमुळे, पण त्या स्वस्ताईच्या बदल्यात तिकिटाला अटी चिकटल्या. तारीख व वेळ पक्की हे त्या स्वस्त भावाचेच एक कलम आहे.

अमेरिकेतील पद्धत

अमेरिकेत नातेवाइकांकडे किंवा धंद्यानिमित्त जाणाऱ्यांना तेथे वेगळा अनुभव येतो. तेथील मोठ्या कंपन्या बदलासाठी २०० डॉलर घेत असत. २०२० च्या ऑगस्टअखेर, साथीच्या काळात गिऱ्हाईक आटले तेव्हा, युनायटेड, डेल्टा आणि अमेरिकन या तिन्ही कंपन्यांनी देशांतर्गत बहुतेक तिकिटांवरील हा आकार काढून टाकला. सर्वांत स्वस्त 'बेसिक' तिकीट मात्र त्यातून वगळले.

त्याच दिवशी लवकर जाण्यासाठी तेथे दोन वाटा आहेत. एक, ठराविक रक्कम भरून पक्की जागा घेणे. दुसरी वाट 'स्टँडबाय'ची, म्हणजे नाव लिहून दारात थांबायचे, जागा उरली तर बसायचे आणि नाही उरली तर आपले मूळ विमान आहेच. अमेरिकन कंपनीने ऑक्टोबर २०२० पासून आणि युनायटेडने जानेवारी २०२१ पासून लवकरच्या विमानासाठीची ही रांग मोफत केली. यात कंपनीचाही फायदा असतो. आत्ताची जागा तशीही वाया जाणार होती आणि रात्रीची सुटलेली जागा पुन्हा विकता येते. शिवाय रात्री विमान रद्द झाले तर सांभाळायला एक प्रवासी कमी.

आपल्याकडे सर्वसामान्य प्रवाशासाठी ही रांगेची पद्धत रुळलेली नाही. त्यामुळे "विमानतळावर जाऊन बघू, बसवतील" या भरवशावर राहू नये. येथे बदल म्हणजे बहुधा पक्का बदल आणि त्याचे पैसे.

भरण्यापूर्वी हिशेब करा

आता पुन्हा त्या कारागिराकडे वळू. त्याच्यापुढे तीन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, ७,५०० रुपये भरून तिकीट बदलणे.

दुसरा रस्ता बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. जुने तिकीट रद्द करून दुसऱ्या कंपनीचे नवे तिकीट घ्यायचे. समजा दुसऱ्या कंपनीचे साडेपाचचे विमान ७,००० रुपयांत मिळते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम असा की, रद्द करण्याचा आकार मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त घेता येत नाही. तसेच विमानतळाचे व सुरक्षेचे जे आकार तिकिटात घेतले जातात ते परत द्यावेच लागतात, तिकीट 'नॉन-रिफंडेबल' असले तरीही. समजा त्याचे ६०० रुपये परत आले, तर वरखर्च ६,४०० रुपये झाला. म्हणजे बदलण्यापेक्षा ११०० रुपये कमी.

तिसरा रस्ता, रात्रीपर्यंत थांबणे. त्यात शून्य रुपये लागतात, पण साडेचार तास जातात. त्या वेळाची किंमत ज्याची त्याने ठरवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी माल द्यायचा असेल आणि त्यासाठी आज रात्री कारखाना चालू ठेवायचा असेल, तर ६,४०० रुपये महाग नाहीत. नुसते घरी जाऊन झोपायचे असेल, तर दिवसभराचा नफा केवळ कंटाळ्यापोटी विमान कंपनीला देण्यात शहाणपण नाही.

घड्याळाचे नियम

बदल केव्हाही होत नाही. देशांतर्गत प्रवासात उड्डाणापूर्वी दोन-तीन तास ही वाट बंद होते. प्रत्येक कंपनीची वेळ वेगळी आहे व ती तिकिटाच्या अटींत दिलेली असते. शिवाय काउंटर सुमारे एक तास आधी बंद होतो. म्हणून पाचचे विमान हवे असेल तर दोनच्या आतच मोबाईलवर किंवा फोनवर बदल करावा. विमानतळाच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये अडकून मग ठरवू म्हणाल तर उशीर झालेला असेल.

सामानाचेही ध्यानात ठेवा. नमुन्यांची पेटी काउंटरवर जमा केली की ती मूळ विमानाच्या यादीत गेली. मग बदल अवघड होतो, कारण पेटी आधी उतरवून घ्यावी लागते. लवकर सुटण्याची शक्यता असेल तर सामान हातातलेच ठेवावे आणि जमा करण्यापूर्वी विचारावे. काही कंपन्यांत बोर्डिंग पास काढला असेल तर आधी तो रद्द करावा लागतो.

एजंटचे तिकीट

आपल्यातील बरेच जण मोहल्ल्यातील ओळखीच्या एजंटकडून तिकीट काढतात. त्यात गैर काही नाही, पण दोन प्रश्न आधीच विचारावेत. पहिला, बदल करायचा झाल्यास मी थेट कंपनीकडून करू शकतो की तुमच्यामार्फतच? एजंटमार्फतच असेल तर त्याचा वेगळा मेहनताना लागतो आणि दुकान बंद असेल तर काम अडते. दुसरा, हे तिकीट 'सिरीज' किंवा 'ग्रुप' भाड्याचे आहे का? एजंट घाऊक जागा उचलून सुट्या विकतात, त्या तिकिटात बहुधा ना वेळ बदलते ना नाव. त्यात दोष कोणाचा नाही, पण घेणाऱ्याला माहीत असायला हवे. मालातला दोष गिऱ्हाइकाला सांगून विकणे हा आपल्याकडे सचोटीचा पहिला धडा आहे. एजंटकडूनही तीच अपेक्षा ठेवावी.

जाण्या-येण्याचे एकत्र तिकीट असेल तर आणखी जपावे. जाताना न कळवता दुसऱ्या विमानाने गेलात, तर पुष्कळ कंपन्या त्याच तिकिटावरील परतीचा प्रवासही रद्द करतात. दुबई, जेद्दा अशा परदेश प्रवासात हे फार महागात पडते. गैरहजर राहू नका. विमान सुटण्यापूर्वीच तिकीट बदला किंवा रद्द करा.

पैसे न भरता बदल केव्हा मिळतो?

चूक कंपनीची असेल तेव्हा. कंपनीने विमान रद्द केले तर दुसरे विमान किंवा पूर्ण परतावा यांपैकी एक निवडण्याचा हक्क प्रवाशाला आहे. सहा तासांपेक्षा जास्त उशीर होणार असेल तरीही तसेच. जागा पक्की असून, वेळेवर पोहोचूनही विमान भरले म्हणून बसू दिले नाही आणि तासाभराच्या आत सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर भरपाई मिळते. २४ तासांच्या आत दुसऱ्या विमानाने पाठविले तर मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल १०,००० रुपये. त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २०,००० रुपये. दोन-तीन तासांच्या उशिरात लवकरचे विमान मागण्याचा कायदेशीर हक्क नाही, पण विचारावे जरूर. अशा गडबडीच्या वेळी कर्मचारी अनेकदा स्वतःहून सोय करतात.

आणि एक प्रसंग असा की जेथे हिशेब चालत नाही. घरून फोन येतो, कोणीतरी गेले. आपल्यात दफन लांबविले जात नाही. असरच्या आत पोहोचलो नाही तर मिट्टी देता येणार नाही. अशा वेळी काउंटरवर भांडू नका, शांतपणे कारण सांगा आणि आकार माफ करण्याची विनंती करा. सवलत देणे त्यांच्या मर्जीवर आहे, पण मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही. त्याच वेळी सोबतच्या माणसाला इतर कंपन्यांची विमाने पाहायला सांगा. आपली कंपनी सोडून दुसरे विमान लवकरचे असेल तर तेच घ्या, जुन्या तिकिटाचे नंतर पाहता येईल.

तिकीट काढतानाच

खरा निर्णय विमानतळावर होत नाही, तिकीट काढताना होतो. काम किती वेळात संपेल हे पक्के असेल तर सर्वांत स्वस्त तिकीट घ्या. वेळ अनिश्चित असेल तर 'फ्लेक्सी' वगैरे नावाच्या, बदलाची मुभा असलेल्या तिकिटासाठी वरचे किती पडतात ते पाहा. ती रक्कम बदलाच्या आकारापेक्षा बरीच कमी असेल आणि तुमचे काम वरचेवर लवकर संपत असेल, तरच ते तिकीट परवडते. नेहमी जाणाऱ्याने मागच्या दहा फेऱ्या आठवाव्यात. किती वेळा खरोखर लवकर परतावे लागले, ते पाहिले की उत्तर मिळेल.

धंद्यासाठीचा प्रवास असेल व जीएसटी नोंदणी असेल तर तिकीट काढतानाच आपला क्रमांक द्या. नंतर बदल केला तर त्याचीही पावती मागून घ्या. आपण माल घेताना मीटर मोजून, रंग पाहून, मग पैसे देतो. तिकीट हाही माल आहे. त्याच्या अटी वाचायला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात हजारो रुपये वाचू शकतात.