अक्षरे हरवतात कोठे?

समजा, मुखेडच्या एखाद्या शाळेचा पंचवीस वर्षांपूर्वीचा वार्षिक अंक संगणकावर जपून ठेवला आहे. आज ती फाईल उघडावी, तर पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरे! मजकूर पुसला गेला काय? नाही.

संगणक अक्षरे नव्हे, आकडे साठवतो. इंग्रजी कॅपिटल 'ए'साठी ६५ हा आकडा ठरलेला आहे. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटांत अशाच आकड्यांवर मराठी आकार बसविलेले असत. तो फाँट नसला, की त्या आकड्याचे इंग्रजी अक्षर दिसते. युनिकोडमध्ये मात्र देवनागरीला स्वतंत्र क्रमांक आहेत. 'म'चा क्रमांक २३५०.

मग जुन्या आकड्याच्या जागी नवा घातला की झाले? इतके सोपे नाही. 'जिल्हा' या शब्दातील पहिली वेलांटी अशा फाँटांत 'ज'च्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये 'ज'नंतर. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला कोष्टकाबरोबर क्रमाचे नियमही द्यावे लागतात.

असा प्रोग्रॅम आज्ञा टंकून चालवता येतो. प्रोग्रॅमचे नाव, जुना फाँट, जुनी फाईल आणि नवी फाईल एवढे एका ओळीत लिहायचे. फायलींची नावे बदलत तीच आज्ञा शेकडो फायलींवर चालवून घेता येते.

मात्र फाँट चुकीचा सांगितला, तर संगणक मुकाट्याने चुकीचाच मजकूर देतो. मजकुरातले खरे इंग्रजी शब्दही तो मराठी समजून बदलू शकतो. म्हणून मूळ फाईल कधीही पुसू नये आणि नवी फाईल स्वतः वाचून तपासावी.