फलटणची हानामी: चेरी नाही, करडई!

जपानात चेरी फुलली की लोक झाडाखाली चटया अंथरतात, चपला बाहेर काढून बसतात आणि डबे उघडतात. हीच हानामी. फलटणच्या उन्हाला चेरी मानवणार नाही, पण हळहळायचं कारणच नाही. जपानचं आणखी एक लाडकं फूल जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याच रानात फुलतं. करडई!

यामागाता प्रांताचं अधिकृत फूल हेच. तिथं तिला बेनिबाना म्हणतात. पूर्वी रेशमाचा लाल रंग आणि ओठांची लाली तिच्याच पाकळ्यांतून निघायची. एक बोंड जवळून बघा. ताज्या पाकळ्या पिवळ्याधमक, जुन्या होऊ लागल्या की केशरी, मग लालसर. पाकळीत रंग दोन : पिवळा पाण्यात विरघळतो, लाल मागे राहतो. तो मिळवण्यासाठी तिथले शेतकरी भल्या पहाटे फुलं खुडत, कारण दवाने काटे जरा मऊ पडलेले असतात.

काट्यांचा फलटणनं कायमचा बंदोबस्त केला. बी. व्ही. निंबकरांनी १९६८ मध्ये इथं निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे 'नारी', उभी केली. तिनं 'नारी-६' ही बिनकाट्याची करडई दिली. पाकळ्यांचा चहा आणि पाकळ्या गोळा करणारं बॅटरीवरचं यंत्रही तिथलंच. माझ्या मते, फलटणकरांनी पाहुण्यांना अभिमानानं सांगावी अशी ही गोष्ट आहे. काटेरी करडईचाही उपयोग होताच म्हणा : ज्वारीभोवती तिच्या ओळी असल्या की गुरं आत शिरत नाहीत.

हानामी मुळात राजदरबारातली. सम्राट सागानं इ.स. ८१२ मध्ये क्योतोत फुलांची मेजवानी दिली. १५९४ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी योशिनोच्या डोंगरावर सुमारे पाच हजारांचा लवाजमा घेऊन फुलं पाहायला गेला. पुढे अठराव्या शतकात शोगून योशिमुनेनं एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, आसुकायामावर सामान्य लोकांसाठी चेरी लावल्या आणि डबे घेऊन सगळं गाव तिथं लोटलं.

आता खाण्याचं. तिकडे काडीला टोचलेले गुलाबी, पांढरे, हिरवे तांदळाचे गोळे आणि चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेला साकुरामोची. इकडे हुरडा! गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसं, तळहातावर चोळलेले हिरवे गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. कोवळ्या करडईची भाजी आणि भाकरी असेल तर बघायलाच नको.

जपानी बागेचीच हौस असेल तर पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं. पण हुरडा तिथं मिळणार नाही. त्यासाठी रानच गाठा, आणि लवकर : चेरीचा बहर जेमतेम आठवडाभर टिकतो, तसाच ज्वारीचा दाणाही थोडेच दिवस कोवळा राहतो. निघण्याआधी शेतमालकाला फोन करून कणसं कोवळी आहेत ना, ते विचारा.