आधी गप्पा, मग फोटो

लखनौच्या हजरतगंजमध्ये काल जीपीओजवळ एका चहावाल्या काकांचा फोटो काढला. त्याआधी वीस मिनिटं नुसत्या गप्पा!

रस्त्यावरची माणसं टिपणाऱ्यांनी ही जागा लक्षात ठेवावी. सप्टेंबर २०१५ मध्ये इथल्या फुटपाथवर बसणाऱ्या एका वृद्ध टंकलेखकाचा टाइपरायटर पोलीस उपनिरीक्षकाने लाथ मारून मोडला. वृत्तछायाचित्रकाराने तो क्षण टिपला. फोटो देशभर पोहोचला, उपनिरीक्षक निलंबित झाला आणि अधिकाऱ्यांनी नवा टाइपरायटर त्या आजोबांच्या घरी नेऊन दिला.

माझी पद्धत साधी आहे. शेजारी बसायचं, कामाबद्दल विचारायचं, परवानगी घ्यायची.

चेहऱ्यासोबत हात आणि अवजारंही टिपायची. अर्धी गोष्ट तिथेच असते.

काढलेला फोटो त्यांना दाखवायचाच.