छतावरची पांढरी डबी

रुग्णालयात कोणाला भेटायला गेलो की आपली नजर खाटेकडे, सलाईनच्या बाटलीकडे आणि पायाशी टांगलेल्या कागदाकडे जाते. छताकडे सहसा कोणी पाहत नाही. पुढच्या वेळी जरूर पाहा. पालथ्या वाटीसारखी एक पांढरी डबी तेथे दिसली, तर तो स्मोक डिटेक्टर, म्हणजे धूर ओळखून घंटा वाजविणारे यंत्र. आरोग्याच्या सदरात हे इमारतीचे सामान कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण बंद इमारतीतील आगीत माणसे ज्वाळांनी मरतात त्याहून अधिक धुराने मरतात, आणि धुराने गुदमरणे हा डॉक्टरांचाच विषय आहे.

भंडारा जिल्हा रुग्णालयातील घटना वाचकांच्या स्मरणात असेल. ९ जानेवारी २०२१ रोजी उत्तररात्री नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि १० बालके दगावली. सात बालकांना बाहेर काढण्यात यश आले. मृत बालकांपैकी तिघे भाजून गेली, बाकी सात धुराने गुदमरून गेली, असे त्या वेळी शासनातर्फे सांगण्यात आले होते. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका रुग्णालयात आणि ६ नोव्हेंबरला त्या वेळच्या अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागच पेटले. कोलकात्यात ९ डिसेंबर २०११ रोजी एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यांवरचे नव्वदच्या आसपास लोक मृत्युमुखी पडले. त्यांपैकी बहुतेकांपर्यंत ज्वाळा पोहोचल्याच नव्हत्या, धूर पोहोचला होता.

धुरात नेमके काय असते? गादीतला फोम, रेक्झिन, वायरींचे प्लॅस्टिक जळू लागले की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. त्यामुळे श्वास चालू असतो, पण रक्तातून प्राणवायू पुढे जात नाही. डोके जड होते, पायांतली शक्ती जाते आणि पळून जावे हे कळण्याची बुद्धीच आधी मंदावते. फोम जळताना सायनाइडचा विषारी वायूही निघतो. अशक्त फुप्फुसाच्या, हृदयरोगाच्या किंवा नुकतीच भूल दिलेल्या रुग्णाला यातले थोडेसुद्धा पुरते.

‘धूर झाला तर वासाने जाग येईलच की,’ असे मला अनेकांनी म्हटले आहे. यावर विसंबू नये. झोपेत आपले कान बऱ्याच अंशी जागे असतात, नाक नसते. म्हणून तर गजराचे घड्याळ आवाज करते. डिटेक्टरचे कामही एवढेच आहे. नाकाला जे रात्री कळत नाही ते कानाला कळवायचे. तो आग विझवीत नाही, थांबवीत नाही. काही मिनिटे आधी सांगतो. धडधाकट माणसाला एवढी मिनिटे जिना उतरायला पुरतात. पण ज्या रुग्णाला चौघांनी उचलून न्यायचे आहे, त्याच्या बाबतीत मिनिटाचा हिशेब वेगळा असतो.

आता आपल्याकडची परिस्थिती. मिरजेला डॉ. वानलेस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुग्णालय काढले, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे म्हणूनच ओळखले जाते. कर्नाटकातूनही रुग्ण तेथे येतात. सांगली, कराड, सातारा, फलटण येथेही गल्लोगल्ली प्रसूतिगृहे आणि लहान रुग्णालये आहेत. यांतल्या कित्येक इमारती मुळात राहत्या बंगल्यांच्या किंवा दुकानांवरच्या मजल्यांच्या. जिना एकच, खिडक्यांना चोरांच्या भीतीने गज, रात्री खालचे शटर कुलूपबंद आणि जिन्याखाली इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या. व्हरांड्यात परगावचे नातेवाईक चटई टाकून झोपलेले. मागचा दरवाजा कोठे आहे हे त्यांना ठाऊक नसते. अशा ठिकाणी डिटेक्टरचा खर्च कोणाला चैन वाटत असेल, तर मला ते पटत नाही.

या यंत्राची रचना साधी आहे. डबीच्या आत एक अंधारी पोकळी असते आणि तीत प्रकाशाचा बारीक झोत सोडलेला असतो. धूर आत शिरला की प्रकाश विखुरतो, शेजारच्या संवेदकावर पडतो आणि घंटा वाजते. गादी, वायर असे धुमसत जळणारे पदार्थ हा प्रकार चांगला ओळखतो, म्हणून वॉर्डाला तोच बरा. स्वयंपाकघरात आणि निर्जंतुकीकरणाच्या खोलीत मात्र वाफेने तो उगाच कोकलतो. तेथे तापमान वाढल्यावर वाजणारा हीट डिटेक्टर लावतात.

धूर वर चढतो, म्हणून डबी छताला हवी. भिंत आणि छत जेथे मिळतात त्या कोपऱ्याच्या सांदीत धूर उशिरा पोहोचतो. तेथे डबी लावू नये. आपल्याकडे खरी अडचण पंख्याची. पंख्याच्या झोतात किंवा एसीच्या तोंडाशी लावलेल्या डबीपर्यंत धूर धड पोहोचतच नाही. आणि केवळ वॉर्डात लावून भागत नाही. मीटरची खोली, औषधांचे व चादरींचे कोठार, जिना, रेकॉर्डची खोली येथे माणूस नसतो, म्हणून तेथे डिटेक्टरची गरज अधिक.

बसविण्यापर्यंत सगळे उत्साहाने होते. पुढे काय होते ते मी दोन्ही जिल्ह्यांत पाहिले आहे. दिवाळीपूर्वी रंगकाम निघते, रंगारी डबीवर प्लॅस्टिकची टोपी चढवितो किंवा चिकटपट्टी मारतो (ते बरोबरच आहे, नाही तर रंगाचा फवारा आत जातो) आणि काम संपल्यावर ती काढायला कोणी शिडी आणत नाही. डबी आंधळी होऊन वर्षानुवर्षे लटकत राहते. कोळी आत जाळे विणतात. सांगलीच्या हळदीच्या पेठेजवळ धूळ इतकी की महिन्या-दोन महिन्यांनी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने डबी बाहेरून साफ करावीच लागेल. उलट महाबळेश्वर-पाचगणीला पावसाळ्यात उघड्या खिडकीतून धुके आत येते आणि यंत्र त्याला धूर समजते. तेथल्या शाळांच्या वसतिगृहांनी खिडकीपासून दूर जागा निवडावी.

खोट्या घंटेचा कंटाळा हा या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू. देवघरातली उदबत्ती, व्हरांड्यातली डासांची कॉइल, ऑपरेशन थिएटरचे धुरीकरण, कशानेही ती वाजते. दोनदा-तीनदा झोपमोड झाली की कोणीतरी मुख्य पॅनेलचा आवाज बंद करतो आणि तो बंदच राहतो. वास्तविक यावर उपाय जागा बदलणे किंवा प्रकार बदलणे हा आहे. धुरीकरणापुरता एखादा विभाग बंद केला, तर कोणी बंद केला आणि किती वाजता पुन्हा सुरू केला हे वहीत लिहावे. एका रुग्णालयात मला असेही दिसले की पॅनेल व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये होते आणि केबिनला रात्री कुलूप. घंटा वाजली असती ती रिकाम्या खुर्चीला. पॅनेल रात्रपाळीच्या सिस्टरांच्या टेबलाजवळच हवे. त्यावरचा पिवळा ‘फॉल्ट’चा दिवा लागलेला असेल, तर तो दिवा शोभेचा नाही.

वीज गेल्यावर यंत्रणा पॅनेलमधील बॅटरीवर चालते. शॉर्टसर्किटने आग लागली की वीज जातेच, त्यामुळे ही बॅटरी म्हणजे यंत्रणेचा जीव. महिन्यातून एकदा मेन बंद करून, एका डिटेक्टरवर चाचणीचा फवारा मारून घंटा सगळ्या मजल्यांवर ऐकू येते का ते पाहावे, आणि हे दिवसा एकदा, रात्रपाळीत एकदा. घंटा वाजल्यावर ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार, दार कोण ओढून घेणार, मागच्या दाराची किल्ली कोणाकडे, हेही त्याच वेळी ठरते. मावशी आणि वॉर्डबॉय यांना या सरावातून वगळू नये. रात्री उचलाउचल तेच करतात.

कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमानुसार ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत, ‘ब’ नमुन्यात, द्यावे लागते. ही तपासणी केवळ टेबलावर सह्या करून उरकता येते, हे न सांगताही वाचकांना समजेल. म्हणून तपासणीला माणूस आला की शिडी लागली का, एवढे तरी पाहावे.

घरासाठीही बॅटरीवर चालणारे सुटे डिटेक्टर मिळतात. वृद्ध आई-वडील वेगळ्या खोलीत झोपत असतील तर खोलीबाहेरच्या छताला एक लावावा. महिन्यातून एकदा त्याचे बटण दाबून पाहावे, थांबून-थांबून ‘टिक’ असा आवाज आला तर बॅटरी बदलावी, आणि दहा वर्षे झाली की यंत्रच बदलावे. मात्र एक लक्षात ठेवावे. स्वयंपाकाच्या गॅसची गळती या यंत्राला कळत नाही. तो गॅस हवेपेक्षा जड, खाली साठतो. त्याचा सूचक वेगळा आणि तो जमिनीलगत लावतात. न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा कार्बन मोनॉक्साइडही धुराविना येतो, तोही याला दिसत नाही. तेथे खिडकी उघडी ठेवणे आणि गीझर न्हाणीघराबाहेर बसविणे हाच उपाय.

रुग्ण दाखल करताना बिलाची चौकशी आपण करतोच. तेव्हाच सिस्टरांना विचारावे, रात्री घंटा कोठे वाजते आणि मागच्या दाराची किल्ली कोठे असते? मी विचारतो. काही ठिकाणी उत्तर लगेच मिळते, काही ठिकाणी किल्ली शोधायला माणूस धाडावा लागतो.