डोक्यातला शब्दकोश किती वेगाने उघडतो?

एक छोटी गंमत करू. खाली चार शब्द आहेत. प्रत्येक शब्द खरा आहे की बनावट, एवढंच मनात ठरवा.

खिडकी. तिखोडी. उदक. ळळगझ.

'खिडकी'ला काही वेळच लागला नसेल. 'ळळगझ' तर तुम्ही बघताक्षणी फेकून दिलात. अडलात ते बहुधा 'तिखोडी'पाशी, कारण तो मराठी शब्दासारखा दिसतो, आणि तो डोक्यात कुठेच नाही याची खात्री करायला मेंदूला थोडा शोध घ्यावा लागतो. आमच्या क्षेत्रात नेमका हाच प्रयोग केला जातो. पडद्यावर अक्षरं येतात, तुम्ही 'हो' किंवा 'नाही'चं बटण दाबता आणि संगणक मिलिसेकंदांत वेळ मोजतो.

सगळ्यात जास्त फरक पाडते ती शब्दाची ओळख. 'पाणी' रोज शंभरदा भेटतं, 'उदक' क्वचित. म्हणून 'उदक'ला काही मिलिसेकंद जास्त. (रोज पूजा सांगणाऱ्या गुरुजींचं उत्तर वेगळं येईल!) कुठला शब्द किती वापरात आहे हे पूर्वी पुस्तकांतून मोजायचे. २००९ मध्ये ब्रिसबार्ट आणि न्यू यांनी दाखवलं की इंग्रजीत सिनेमा-मालिकांच्या सबटायटल्समधून केलेली मोजणी वाचकांचा वेग जास्त चांगला सांगते. लहानपणी शिकलेले शब्दही उशिरा शिकलेल्यांपेक्षा लवकर ओळखू येतात.

शेजारही महत्त्वाचा. १९७१ मध्ये मेयर आणि श्वानेवेल्ट यांनी शब्दांच्या जोड्या दाखवल्या. 'ब्रेड-बटर'सारखी नात्यातली जोडी लोकांनी बिननात्याच्या जोडीपेक्षा साधारण ८५ मिलिसेकंद आधी ओळखली. म्हणजे एक शब्द जागा झाला की तो शेजाऱ्यालाही हलवून ठेवतो.

आपल्या लिपीची एक खास भानगड आहे: पहिली वेलांटी. 'दिवस' लिहिताना वेलांटी 'द'च्या आधी येते, पण बोलताना 'द' आधी. डोळ्यांचा क्रम आणि तोंडाचा क्रम जुळत नाही. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हिंदी वाचकांवर हे तपासलं, तर असे शब्द वाचायला खरंच जास्त वेळ लागतो. पहिलीतली मुलं वेलांटीला का अडखळतात ते आता कळलं ना?

आता माझी फजिती. सरावाच्या चाचणीसाठी मी बनावट शब्दांची यादी केली होती. त्यात 'अंडं' आणि 'मोर' यांची मोडतोड करून बनवलेला 'आंडोर' होता. धुळ्याकडच्या एका मुलीने त्यावर झटक्यात 'हो' दाबलं. संगणकाने चूक नोंदवली. नंतर ती म्हणाली, "ताई, आंडोर म्हणजे मुलगा. आमच्या अहिराणीत असंच म्हणतात." तिचा वेळ बघितला तर 'खिडकी'इतकाच चटकन.

हे आठवलं की मला शाळेतल्या वाचनचाचण्यांची धास्ती वाटते. 'निपुण भारत'मध्ये दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत असं उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट ठेवण्यात वाईट काही नाही. पण घरी कोरकू किंवा अहिराणी बोलणाऱ्या मुलासमोर पुस्तकी मराठीचा उतारा ठेवला, तर त्यातले कितीतरी शब्द त्याच्यासाठी 'उदक' असतात, काही तर 'तिखोडी'. त्याला अक्षरं येत असतील, वेलांट्याही येत असतील, तरी घड्याळ 'हळू' म्हणणार. ते घड्याळ वाचन मोजतंय की त्या शब्दांशी झालेल्या भेटी, हे एका आकड्यावरून सांगता येत नाही. निदान एक उतारा मुलाच्या रोजच्या शब्दांत देऊन दोन्ही वेळा शेजारी ठेवून बघता येतील.

मी 'आंडोर' यादीतून काढला. आता नवी यादी वापरण्याआधी वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या पाच-सहा जणांना वाचून दाखवते. 'तिखोडी' अजून कुणी आपला म्हटलेला नाही. तुमच्याकडे म्हणत असतील तर जरूर कळवा, म्हणजे तोही काढते.