मध्यवर्ती बँक आणि नागरिकाचा हक्क

मतदानाचा हक्क पाच वर्षांतून एकदा वापरावयाचा असतो. स्वतःच्या पैशावरचा हक्क रोज सकाळी दूधवाल्यापाशी वापरावा लागतो. या दुसऱ्या हक्काची किल्ली मध्यवर्ती बँकेच्या हाती आहे. म्हणून हा विषय केवळ अर्थशास्त्र्यांचा नव्हे, असे आम्हां युनियनच्या माणसांना वाटते.

आपली रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी खाजगी भागधारकांची म्हणून सुरू झाली व १ जानेवारी १९४९ पासून राष्ट्राची झाली. नोटा काढणे, व्याजाचा दर ठरविणे व इतर बँकांवर देखरेख ठेवणे, ही तिची मुख्य कामे. यांतले तिसरे काम ठेवीदाराला एरवी दिसत नाही. दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो.

सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले. एका खात्यातून सहा महिन्यांत हजारच रुपये काढता येतील, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम होता. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली. असा हुकूम का काढतात? बुडत्या बँकेपाशी जो आधी धावतो तो सर्व घेऊन जातो, आणि मागाहून येणाऱ्या म्हाताऱ्या पेन्शनराच्या पदरी काही उरत नाही. तेव्हा दार सर्वांनाच बंद! हे तत्त्व आम्हांला मान्य आहे. पण बँक आतून पोखरली जात असता देखरेख काय करीत होती, हे विचारण्याचा ठेवीदाराला अधिकार नको काय? ठेवीदार रस्त्यावर आले. २०२१ साली कायदा बदलला, आणि निर्बंध आल्यास पाच लाखांपर्यंतची विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळण्याची सोय झाली.

आता दुसरी गोष्ट. महागाई चार टक्क्यांच्या आसपास, फार तर सहापर्यंत राखावी, असे बंधन २०१६ पासून या बँकेवर आहे. जानेवारी ते सप्टेंबर २०२२ या तीन तिमाह्यांत ती सहाच्या वर राहिली. अशा वेळी बँकेने सरकारला कारणे कळवावयाची असतात. ती कळविली गेली. पण ते पत्र तेव्हा जनतेसमोर ठेवले नाही. महागाई ही नोटीस न देता केलेली पगारकपात होय. मालकाने कपात केली, तर आम्ही कारखान्याच्या दारात उभे राहून कारण मागतो. येथे कोणाच्या दारात उभे राहावे?

दर ठरविणाऱ्या समितीत सहा माणसे असतात: तीन बँकेची, तीन केंद्र सरकारने नेमलेली. पगारदारांच्या प्रतिनिधीची जागा कायद्यात नाही. बैठकीचा वृत्तांत मात्र चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होतो, आणि तो आम्ही कचेरीत मोठ्याने वाचून दाखवितो.